सत्तावीस पावलं, दोन बोटं

आमच्या ब्लॉकमधलं कोणी रस्त्यावर मागे वळून बघत नाही. गरज पडत नाही. मी स्कूटर बाहेर काढतो न काढतो तोच वरच्या बाल्कनीतून आवाज येतो, "काका, मागे! उजवीकडून सायकल!" आणि खरोखर उजवीकडून सायकल येते. दूधवाल्याला कळतं की वळणावर गाय बसली आहे. माझ्या बायकोला कळतं की भाजीवाला आत शिरला. समोरच्या ब्लॉकमधल्या नव्या सूनबाईंना पहिल्याच आठवड्यात तीनदा कळलं की त्यांच्या स्कूटीचा स्टँड खाली राहिला आहे. चौथ्यांदा त्या रडल्या.

"रडायले काय झालं?" बाल्कनीतून. "मी काय शिव्या देऊन राहिली का? आवाज देऊन राहिली!"

ही सुकेशनी डोंगरे. वय छत्तीस, उंची पाच फूट आठ इंच, व्यवसाय गोलकीपर. व्यवसाय हा शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण त्यावरून बँकेत झालेलं भांडण मी शेजारच्या रांगेत उभा राहून ऐकलेलं आहे. क्लार्कने फॉर्म बघून व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' लिहिलं.

"ये क्या लिखा?"

"मैडम, गोलकीपर का ऑप्शन नहीं है."

"तो बना."

शेवटी मॅनेजर बाहेर आला आणि 'गृहिणी' खोडून 'खाजगी नोकरी' लिहिलं गेलं. सुकेशनी घरी येईपर्यंत धुमसत होती. "खाजगी म्हणे! मैदानात हजार माणूस पाहून राह्यलं असते काका, आन् नोकरी खाजगी!"

तिच्या मते ती कधीच ओरडत नाही, आवाज देते. फुटबॉलमध्ये कीपर सगळ्यांच्या मागे उभी असते. तिला जे दिसतं ते पुढच्या दहा जणींना दिसत नाही, म्हणून तिने सतत सांगत राहायचं: डावीकडे सरक, मागे माणूस आहे, सोड, माझा बॉल. बावीस वर्षं हे केल्यामुळे तिचा घसा असा झाला आहे की 'काकू, वाटीभर साखर द्या' हे वाक्यसुद्धा शेजारच्या सेक्टरात जातं. शिवाय काही पडताना दिसलं की ती "कीपर!" म्हणून झेपावते. आमच्या स्वयंपाकघरात तिने स्टीलचे पेले, एक वरणाचं पातेलं आणि एकदा माझा नातू झेलला आहे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात टेबलावरचा स्पीकर घसरला, तेव्हा पांढरी साडी नेसलेली सुकेशनी तीन खुर्च्या ओलांडून आडवी झाली. स्पीकर वाचला. साडी गेली. तिच्या आईने आठ दिवस तोंड उघडलं नाही, आणि तिच्या आईनं तोंड न उघडणं ही काही लहान घटना नव्हे.

दोन ब्लॉकच्या मधे कपड्यांच्या चार दोऱ्या आहेत. चौथ्या दोरीवर फक्त तिचे ग्लोव्ह्ज वाळतात. कोमट पाण्यात धुवायचे, पिळायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत. एकदा माझ्या बायकोची ओली साडी वाऱ्याने उडून त्यांच्यावर गेली.

"काकू! तुमच्या साडीनं माझा लेफ्ट भिजवला!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, साडी एक फूट सरकव. त्या घरात वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता थोडं माझ्याविषयी, कारण पुढे लागणार आहे. मी लांजेवार. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये रेलच्या तपासणीत एकोणतीस वर्षं झाली. रेल किती लांब, किती सरळ, हे बघून सही करायची. स्टीलचा टेप माझ्या खिशात कायम असतो, लग्नाला गेलो तरी. अंदाज या शब्दाची मला चीड आहे.

सुकेशनी पायाने मोजते. टाचेला पंजा लावून. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा चहा होईपर्यंत ती बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली आणि म्हणाली, "साडेअकरा." ती गेल्यावर मी टेप लावला. तीन मीटर दहा. तिच्या बुटाचा ठसा फरशीवर राहिला होता, सत्तावीस सेंटीमीटर. गुणाकार केला. पाच मिलिमीटरचा फरक. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, निदान स्वतःला तरी पुन्हा पुन्हा.

प्रत्येक सामन्याआधी ती गोलपोस्ट अशीच मोजायची. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सत्तावीस पावलं आणि वर दोन बोटं. म्हणजे सात मीटर बत्तीस. जगात सगळीकडे तेवढंच. नंतर दोन्ही खांबांना हात लावायची आणि मधोमध उभी राहायची. ही सवय घरात शिरली. दारातून आत येताना ती दोन्ही बाजूंच्या चौकटीला हात लावते. दवाखान्यातसुद्धा.

ती कीपर झाली ती रागातून. बारा वर्षांची असताना सेक्टरच्या मुलींच्या टीमला गोलमध्ये उभं राहायला कोणी मिळेना. ही उंच होती आणि भांडखोर होती. उभी केली. तिचे वडील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. त्यांनी आपले कामाचे चामड्याचे हातमोजे आणून दिले. त्यांवर ठिणग्यांचे काळे डाग होते. वर्षभर ती त्यांतच बॉल अडवत होती. वडील जाऊन सहा वर्षं झाली. ते मोजे शोकेसमध्ये मेडल्सच्या वर आहेत, खाली नाहीत.

पुढे राज्याची टीम, मग बाहेरचे क्लब. अकरा सीझन, सात क्लब. करार एका सीझनचा, सीझन चार-पाच महिन्यांचा. उरलेलं वर्ष ती घरी असायची आणि येणारा-जाणारा विचारायचा, "सध्या काय करून राहिली?"

"सध्या श्वास घेऊन राहिली," ती सांगायची.

तिच्या रागाची यादी मला पाठ आहे. एका क्लबने पुरुष कीपरची जर्सी दिली, बाह्या चार वेळा दुमडून ती सीझनभर खेळली. एका क्लबच्या पोस्टरवर सगळ्या जणी होत्या आणि हिचा चेहरा पुढच्या मुलीच्या उंचावलेल्या हातामागे गेला होता. एका सत्कारात पुरुष खेळाडूंना ट्रॅकसूट दिले आणि हिला साडी, तीही सूत्रसंचालकाने 'आपल्या लाडक्या कबड्डीपटू' असं म्हणून झाल्यावर. तिने माईक घेतला. पुढचं मी इथे लिहीत नाही. साडी आईने ठेवून घेतली.

तिचा राग उकळतो, उतू जातो आणि शेगडी विझते. माझा राग तसा नाही. सामन्याच्या कागदावर गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, पिवळं कार्ड कोणाला, सगळ्याला रकाना असतो. वाचवले किती, याला रकाना नाही. मी विचारलं, का नाही? म्हणे, तशी पद्धत नाही. मग मीच पत्राच्या पाकिटाच्या पाठीवर मोजायला लागलो. एका स्पर्धेत पाच सामन्यांत एकेचाळीस मोजले. बेचाळिसावा आत गेला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'गोलरक्षकाच्या चुकीने संघ बाद.' त्या पाकिटाकडे बघितलं की आजही माझं डोकं तापतं.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या शेवटच्या क्लबने पुन्हा बोलावलं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही. सुकेशनी रोज सकाळी मैदानात जायची, मुलींना शिकवायची आणि घरी येऊन फोन चार्जिंगला लावायची, चार्ज असला तरी. मग कळलं की आमच्या मैदानावर होणाऱ्या स्पर्धेला दक्षिणेकडच्या एका क्लबचा कोच येणार आहे. त्याला अनुभवी कीपर हवी होती. एक सामना बघून ठरवणार होता. त्याने घेतलं तर बारावा सीझन. नाही घेतलं तर संपलं, कारण चौतीस वर्षांच्या कीपरच्या शोधात पुन्हा कोणी भिलाईला येत नाही. हे ती जाणून होती, आम्हीही जाणून होतो.

मैदानाच्या समितीने त्या निमित्ताने नवे गोलपोस्ट करायचं ठरवलं. जुने गंजले होते. समितीचे सचिव तिवारीजी माझ्याकडे आले, "लांजेवारजी, नाप आप ही दीजिए." मी वेल्डरला बोलावून माप दिलं. आडवा पाईप सात मीटर बावन्न कापायला सांगितलं, वीस सेंटीमीटर जास्त. आमच्या मिलमध्ये तसंच करतात. गरम रेल थंड झाली की आखडते, म्हणून आधी जास्त ठेवायची आणि शेवटी नेमकी कापायची. कमी पडलेलं लोखंड वाढवता येत नाही. पाईप काही गरम नव्हता, आखडणार नव्हता. पण इतक्या वर्षांची सवय. मी वेल्डरला म्हटलं, सगळं जमिनीवर आडवं जोडून बघ, मी येतो, मोजतो, मग सात बत्तीसला काप आणि उभं कर.

आणि मी पुतण्याच्या लग्नाला नागपूरला गेलो.

स्पर्धा जवळ आली होती. तिवारीजींचा फोन मला मांडवात आला. "पोस्ट खड़ा कर दें? नाप ठीक है ना?" माझ्या एका हातात जिलबीची प्लेट होती. मी म्हणालो, "माप मी दिलंय. बघायची गरज नाही." वीस सेंटीमीटर माझ्या डोक्यातून गेले होते. वेल्डरला वाटलं, साहेब म्हणतात तर उभं करा.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी मैदानावर होतो. सुकेशनीने नेहमीप्रमाणे पावलं टाकली. परत आली, पुन्हा टाकली. पलीकडे धावत गेली आणि तो गोलही मोजला. मग तिवारीजींना गाठलं.

"पोस्ट बड़ा है. दोनों."

"मैडम, नया पोस्ट है. प्लांट के आदमी ने नाप दिया है." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

ती माझ्याकडे आली. "काका, मोठा आहे. अठ्ठावीसावं पाऊल बसून राहिलं पहा. नुसता अंगठा बाहेर राहून राहिला."

बाजूला वीस-पंचवीस माणसं उभी होती. कोणीतरी म्हणालं, "अभी से बहाना!" लोक हसले.

मी म्हणालो, "सुकेशनी, पावलांनी माप होत नाही. माप मी दिलंय."

"टेप आहे ना खिशात?"

"आहे."

"मंग?"

"आता वेळ आहे का त्याला?"

टेप काढायला, ओढायला आणि वाचायला दीड मिनिट लागलं असतं. रेफरी अजून बुटाच्या लेस बांधत होता. मी टेप काढला नाही. मला राग आला होता, एवढंच कारण. चारचौघांत माझ्या मापावर शंका, आणि तीही बुटाने. सुकेशनीने क्षणभर माझ्या खिशाकडे बघितलं आणि ती गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

समोरच्या टीममध्ये तामेश्वरी होती. सतरा वर्षांची, जवळच्या रसमडा गावची. बाप तिथल्या एका कारखान्यात कामाला. तीन वर्षं ही मुलगी रोज पहाटे सायकलने आमच्या मैदानावर येत होती, सुकेशनीच्या शिव्या खायला. पायात ताकद अशी की बॉल जाळीत अडकून बसायचा. खोड एकच: बॉल घेण्याआधी ती मागे बघत नसे. मागून कोणीतरी यायचं आणि बॉल घेऊन जायचं. "अगं म्हशे, मागे पहा! मुंडी कावून दिली देवानं?" हे वाक्य आमच्या सेक्टर सहामध्ये तीन वर्षं कोंबड्याच्या जागी वापरलं जात होतं. तामेश्वरी म्हणायची, "हव दीदी," आणि मागे बघायची नाही.

त्या सामन्यात सुकेशनीने अकरा बॉल वाचवले. पाकीट माझ्याकडे आहे. कोच वहीत काहीतरी लिहीत होता, मान हलवत होता. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला तामेश्वरीने बॉल घेतला, न बघताच घेतला, आणि मारला. सुकेशनी दोन पावलं सरकली, हात उचलले आणि मग सोडून दिले. झेपावलीच नाही. बॉल खांबाच्या आतल्या बाजूला घासून जाळीत गेला.

"अरे, खड़ी होके देख रही है!" माझ्या मागून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या झाल्या.

सामना शून्य-एक संपला. कोच सुकेशनीजवळ गेला. माणूस वाईट नव्हता, हळू बोलला. "बॉल जज नहीं हुआ आपसे, दीदी. इस उम्र में होता है." मग त्याने तामेश्वरीला बाजूला बोलावलं आणि तिच्या बापाचा नंबर लिहून घेतला.

मी वाट बघत होतो की आता स्फोट होईल. सुकेशनीने ग्लोव्ह्ज काढले, एकात एक घातले आणि चालत घरी गेली. सामन्याआधी मैदान डोक्यावर घेणारी बाई सामन्यानंतर पोस्टचं नावसुद्धा काढेना. मी मनाशी म्हटलं, बघा, गप्प आहे, म्हणजे पोस्ट बरोबरच होता. हे मी मनाशी म्हटलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर ब्लॉकमध्ये नऊ दिवस आवाज आला नाही. चौथी दोरी रिकामी. भाजीवाला येऊन परत गेला तरी बायकांना पत्ता नाही. समोरच्या सूनबाई स्टँड खाली ठेवून निघाल्या आणि वळणावर पडल्या. दहाव्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली, आणि उजवीकडून आलेल्या सायकलने मला धडक दिली. गुडघा फुटला. सायकलवाला म्हणाला, "अंकल, देख के नहीं निकलते क्या?"

नाही. एकोणीस वर्षं या ब्लॉकमध्ये राहतो, कधी बघून निघालोच नाही.

मी तसाच लंगडत मैदानात गेलो आणि टेप लावला. सात मीटर बावन्न. मी कोणतंही माप तीनदा घेतो. तीनदा सात बावन्न. पलीकडच्या गोलला गेलो. सात बावन्न. मग मला मांडव आठवला, जिलबी आठवली, वेल्डरला सांगितलेलं सगळं आठवलं. मी गोलमध्ये खाली बसलो. प्रत्येक बाजूला दहा सेंटीमीटर. तामेश्वरीचा बॉल खांबाच्या आतून घासून गेला होता. खांब जागेवर असता तर त्यावर आदळून बाहेर आला असता. आणि सुकेशनीने तो सोडला, कारण तिच्या हिशेबाने तो बाहेरच जात होता. तिचा हिशेब बरोबर होता. माझा चुकला होता.

मी तिच्या घरी गेलो. दार आईने उघडलं. "या भाऊ. नऊ दिवस झाले, घरात भांडणच नाही. मले करमून नाही राह्यलं."

सुकेशनी खिडकीजवळ बसून तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माप, मार्जिन, लग्न, फोन. शेवटी म्हटलं, "सात बावन्न आहे. चूक माझी आहे."

मी मार खायच्या तयारीने गेलो होतो. ती म्हणाली, "मले माहीत होतं ना काका. मोजलं होतं मी."

"मग तू बॉल सोडला कसा? माहीत असताना?"

"डोक्याले माहीत होतं. पायाले कसं माहीत होईन? बावीस वर्षं सात बत्तीसमध्ये उभे राह्यले ते. एका घंट्यात त्यायले काय सांगू, आज लांजेवार काकानं बदलवलं म्हणून?"

मी म्हटलं, "मी आज कोचला पत्र लिहितो. माप, माझी सही, माझी चूक, सगळं. तिवारीजींचीही सही घेतो. तुला परत बघायला यावंच लागेल त्याला."

"नाही लिहायचं."

"का?"

"नाही म्हटलं ना."

"अगं, पण का? सामन्यानंतर तू स्वतः तरी तक्रार कावून नाही केली?" रागात मीही तिच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

तिने ताट खाली ठेवलं. "तिनं एकच गोल मारला काका. त्या एका गोलावर त्यानं तिले कँपले बोलावलं. तुमची चिठ्ठी गेली का तो गोल खोटा होऊन जाते. मंग तो म्हणन, पोस्ट मोठा होता म्हणून गेला, ठेवा पोरीले घरी. तिचा बाप तं वाटच पाहून राह्यला, घरी ठेवाले."

"आणि तू?"

"मी अकरा सीझन खेळली."

"तुला बारावा हवा होता."

"पायजे होता." ती उठून उभी राहिली आणि मग आवाज वर गेला, नऊ दिवसांनी. "पायजे होता, मंग? तिले पह्यला पायजे! आन् तुमी चिठ्ठी बिठ्ठी लिहाल ना काका, तं तुमच्या त्या टेपाची दोरी बांधून त्याच्यावर काकूच्या साड्या वाळवीन! बसा आता. चहा पेऊन जा. गुडघ्याले काय झालं?"

"सायकल."

"कोणीकडून?"

"उजवीकडून."

"हं," ती म्हणाली. आई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती, की चहाची वाफ होती, मला सांगता येणार नाही.

पत्र मी लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा चूक माहीत असून कागदावर दुरुस्त केली नाही. त्याचा रागही अजून आहे. स्वतःवरचा सगळ्यात जास्त, मग त्या 'बहाना' म्हणणाऱ्यावर, मग मान हलवून हलवून शेवटी एका बॉलवर निकाल देणाऱ्या कोचवर. अकरा वाचवलेले त्याच्या वहीत कुठल्या रकान्यात गेले, हे मला अजून विचारायचं आहे.

पोस्ट मात्र दुरुस्त केले. रविवारी सकाळी वेल्डर आला. प्रत्येक गोलचा एक खांब खणून काढला, आडवा पाईप कापला, पुन्हा जोडला, पुन्हा रोवला. तिवारीजींना सांगितलं, थोडं वाकडं दिसत होतं. सुकेशनी अख्खा वेळ डोक्यावर उभी राहून वेल्डरला आवाज देत होती. शेवटी तिने पावलं टाकली. सत्तावीस. वाकून दोन बोटं ठेवली. उठली, दोन्ही खांबांना हात लावला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी टेप दिला. तिने स्वतः लावून बघितला, माझ्यासमोर मोठ्याने वाचला, "सात बत्तीस," आणि टेप परत केला. कापलेल्या पाईपचे वीस-वीस सेंटीमीटरचे दोन तुकडे उरले होते. एक तिने नेला. एक माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. प्रत्येक सही करताना समोर दिसतो.

हे लिहायची परवानगी मला गेल्याच आठवड्यात मिळाली. "आता लिहा," ती म्हणाली. "आता कोणी तिचं काढून नाही घेत." खरं आहे. तामेश्वरीने दोन सीझनमध्ये लीगमध्ये सोळा गोल केले. मी मोजले आहेत, सगळे सात बत्तीसमध्ये.

सुकेशनीला फोन आला नाही. ती रोज सकाळी मुलींना शिकवते, तिथे ती उघड्या हातांनीच बॉल फेकते. ग्लोव्ह्ज तरीही दर शनिवारी चौथ्या दोरीवर असतात. कोमट पाण्यात धुतलेले, न पिळलेले, सावलीत. त्यांना माती लागून दोन वर्षं झाली. माझी बायको न सांगता साडी एक फूट लांब टाकते.

परवा तामेश्वरीचा सामना मोबाईलवर दिसत होता. सुकेशनीने मोबाईल बाल्कनीच्या कठड्याला टेकवला होता. मी शेजारी उभा होतो, पाकीट घेऊन. तामेश्वरीकडे बॉल येत होता आणि मागून एक उंच मुलगी धावत होती.

"तामेश्वरी! मागे!" सुकेशनी ओरडली. खाली रस्त्यावर दोन सायकलवाले थांबले आणि त्यांनी मागे बघितलं.

मोबाईलमध्ये, दीड हजार किलोमीटरवर, तामेश्वरीने मान वळवून मागे बघितलं, अंग वळवलं आणि बॉल घेऊन निघून गेली.

"ऐकलं तिनं! पाह्यलं का काका? ऐकलं!" सुकेशनीने कठड्यावर दोन्ही हात आपटले. मोबाईल घसरला. "कीपर!" म्हणून तिनेच तो झेलला. तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्यावर खेकसत होती, "पाह्यलं का नाही तुमी?"

मोबाईलवरचं चित्र काही सेकंद उशिरा येतं. सुकेशनी ओरडली त्याच्या आधीच तामेश्वरी मागे बघून मोकळी झाली होती. किती सेकंद, ते मी घड्याळ लावून सांगू शकलो असतो. घड्याळ हातात होतं.

मी म्हटलं, "पाहिलं. ऐकलं तिने."